.३३८ लापुआवर कोणता स्कोप? आधी टरेट बघ, काच नंतर

तुझा प्रश्न असा: नवीन .३३८ लापुआ मॅग्नम रायफल घेतली, वर २० एमओए उताराची रेल (स्कोप बसवायची पट्टी; एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) कंपनीनंच बसवून दिलीय, पुढे मझल ब्रेक (बॅरलच्या तोंडाशी गॅस वळवून धक्का कमी करणारा) आहे, राहायला डेन्व्हरजवळ, हजार यार्ड नेहमीचं आणि जमलं तर न्यू मेक्सिकोतल्या रेटनच्या रेंजवर जाऊन मैलावर मारायचं, स्कोपसाठी दीड हजार डॉलर बाजूला काढलेत, दुकानदारानं ८-३२ पॉवरचा एक स्कोप हातात दिला, त्यातून पार्किंगच्या पलीकडची नंबरप्लेट वाचता आली, तर घेऊ का. आणि शेवटी लिहिलंयस की दादा एका वाक्यात सांग. एका वाक्यात सांगायचं तर नको घेऊस. पण का नको ते एका वाक्यात मावणार नाही, त्यामुळे चहा घेऊन बस.

दुकानात सगळेजण स्कोप दुर्बिणीसारखा बघतात. लांबचं किती मोठं दिसतं, किती लख्ख दिसतं, बास. तुझ्या रायफलला हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. ३०० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला २७०० फुटांच्या आसपास वेगानं निघाली तर १०० यार्डाच्या झिरोपासून (म्हणजे १०० यार्डाला नेम तिथेच गोळी असं बसवलेलं) धरून हजार यार्डाला ती साडेसात ते आठ मिल खाली येते, १५०० ला चौदा ते सोळा, आणि मैलाला, म्हणजे १७६० यार्डाला, अठरा ते बावीस. एवढी तफावत हवेमुळे पडते, रेटन साडेसहा हजार फुटांच्या आसपास उंचीवर आहे, तिथली हवा विरळ, गोळी कमी पडते, तीच गोळी ह्यूस्टनला जास्त पडेल. मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग, हजार यार्डाला एक यार्ड, इतकं सोपं. म्हणजे आठ मिल म्हटलं की हजार यार्डाला गोळी आठ यार्ड खाली, चोवीस फूट. तेवढे चोवीस फूट तुला टरेट, म्हणजे स्कोपवरचा नेम सरकवायचा नॉब, फिरवून भरून काढायचे आहेत, दर वेळी तेवढेच, आणि मग परत शून्यावर यायचंय. काच कितीही लख्ख असली तरी टरेट काटा मारणाऱ्या वाण्यासारखा असेल, आठ म्हणून सांगून पावणेआठच देत असेल, तर तू आयुष्यभर वाऱ्याला आणि काडतुसांना शिव्या घालत बसशील.

म्हणून पहिलं बघायचं ते ट्रॅव्हल, एलेव्हेशनचा, म्हणजे नेम वर-खाली करणारा, टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकूण किती मिल फिरतो ते. हे स्पेसिफिकेशनच्या कागदावर लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. गणित साधं आहे, एकूण ट्रॅव्हलचा साधारण अर्धा भाग वर जायला मिळतो, त्यात रेलचा उतार मिळवायचा. २० एमओए म्हणजे ५.८ मिल. आता व्होर्टेक्सचा व्हायपर पीएसटी जेन टू ५-२५×५० (म्हणजे ५ ते २५ पॉवर, पुढची काच ५० मिलिमीटर) घे, ३० मिलिमीटर ट्यूब, एकूण ट्रॅव्हल वीस मिलच्या आसपास. अर्धे दहा अधिक ५.८, झाले पंधरा-सोळा. हजार यार्ड आरामात, १५०० ला टरेट जवळजवळ टोकाला, मैल विसर. नाइटफोर्सचा एटीएसीआर ५-२५×५६ किंवा ल्युपोल्डचा मार्क ५ एचडी ५-२५×५६ घेतलास तर ट्रॅव्हल पस्तीस मिलच्या घरात, साडेसतरा अधिक ५.८, तेवीस मिल, मैलसुद्धा टरेटवर बसतो. दुकानदारानं दाखवलेल्या तुझ्या त्या ८-३२ चं ट्रॅव्हल काय ते तू लिहिलेलं नाहीस, पण जास्त झूमचे जुन्या धाटणीचे स्कोप याच बाबतीत मार खातात.

यावर लगेच कोणीतरी सुचवतं की मग ४० एमओएची रेल टाक, काम झालं. नाही होत. ४० एमओए म्हणजे ११.६ मिल. वीस मिल ट्रॅव्हलच्या स्कोपला खाली जायला दहाच मिल मिळतात, म्हणजे १०० यार्डाला झिरोच करता येणार नाही, टरेट तळाला टेकेल आणि गोळी तरीही वरच लागेल. लोक अशी रेल बसवून घेतात आणि मग रेंजवर जाऊन डोकं खाजवत बसतात. शिवाय टोकाला नेलेल्या टरेटवर आणखी एक अडचण येते, आतली नळी गोल जागेत हलते त्यामुळे वर-खाली टोकाला गेली की डावी-उजवीकडे फिरायला जागाच कमी उरते, वाऱ्यासाठी टरेट फिरवायला गेलास तर मधेच अडतो, आणि चित्रही कडेला मऊ पडायला लागतं. म्हणून ट्रॅव्हल हवं त्यापेक्षा थोडं जास्तच घ्यावं. मैलाच्याही पुढे जाणारे लोक स्कोपसमोर प्रिझमचं उपकरण लावतात किंवा उतार बदलता येणारा माउंट घेतात, ते तुला आत्ता नको, त्याच्या किमतीत दुसरी रायफल येते.

आता धक्क्याकडे. स्कोपच्या बाहेरच्या ट्यूबच्या आत एक दुसरी छोटी नळी असते, इरेक्टर म्हणतात तिला. टरेटचा स्क्रू तिला एका बाजूनं ढकलतो आणि समोरून स्प्रिंग तिला स्क्रूवर दाबून धरते. तुझा झिरो म्हणून जे काय आहे ते एवढंच, एक स्क्रू आणि एक स्प्रिंग. आता .३३८ ची गोळी सुटते तेव्हा रायफल आधी मागे उसळते आणि लगेच ब्रेकमधून निघालेला गॅस तिला पुढे ओढतो, खांद्याला बरं वाटतं पण स्कोपला दोन्ही दिशांनी हिसका बसतो. भारतात ज्यांनी स्प्रिंगवाली एअर रायफल वापरलीय त्यांना हे माहीत असेल, एवढीशी ती रायफल पण साधा स्कोप महिन्याभरात खिळखिळा करते, कारण हाच उलटसुलट हिसका. स्प्रिंग कमजोर असली किंवा स्क्रूचा आटा ढिला असला की इरेक्टर प्रत्येक गोळीनंतर केसभर वेगळ्या जागी बसतो.

आमच्या क्लबात एकाच्या .३०० विन मॅग रायफलवर अशीच गोष्ट चालली होती, स्कोप नवा, कंपनीचं नाव घेत नाही. ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, कधी पाऊण इंची, कधी दोन इंची, आणि दोन इंची आला की दोन वेगळे छोटे ग्रुप शेजारी शेजारी. त्यानं काडतुसं बदलली, बॅरल धुतली, ट्रिगर हलका करून घेतला. शेवटी दुसऱ्याचा स्कोप उसना घेऊन लावला आणि पहिल्याच पाच गोळ्या एका नाण्याखाली. असे दोन शेजारी-शेजारी ग्रुप दिसले की आधी माउंटचे स्क्रू बघ, ते घट्ट असतील तर स्कोपवर संशय घे, बॅरलवर सगळ्यात शेवटी.

ट्रॅकिंग, म्हणजे टरेट जेवढं सांगतो तेवढंच देतो का, ते तपासायची पद्धत जुनी आहे आणि कंपनी कुठलीही असो, करायचीच. चार फूट उंचीचा पुठ्ठा घे, गवंडी वापरतात तो ओळंबा सोडून त्यावर मार्करनं उभी रेघ मार, खाली एक ठिपका आणि तिथून बरोब्बर ३६ इंचांवर आडवी खूण. पुठ्ठा १०० यार्डावर लाव, आणि हे १०० यार्ड टेपनं मोज, रेंजच्या पाटीवर विश्वास ठेवू नकोस, पाटी ९७ ला असली तर तीन टक्क्यांची चूक तिथेच झाली आणि तू ती स्कोपच्या माथी मारशील. आता खालच्या ठिपक्यावर नेम धरून तीन गोळ्या. टरेट दहा मिल वर, नेम तोच खालचा ठिपका, परत तीन. दोन्ही ग्रुपच्या मध्यांतलं अंतर ३६ इंच यायला पाहिजे. समजा ३५.३ आलं, म्हणजे स्कोप दोन टक्के कमी देतो. दोन टक्के ऐकायला काहीच नाही, पण हजार यार्डाला आठ मिलवर ते जवळजवळ सहा इंच होतात आणि मैलाला वीस मिलवर पंचवीस इंच. लोखंडी पाटी, म्हणजे तुझं टार्गेट, हुकली. चुकीचं प्रमाण कायम तेवढंच असेल तर घाबरायचं कारण नाही, गोळी किती पडेल ते सांगणाऱ्या बॅलिस्टिक ॲपमधे ती दुरुस्ती टाकायची जागा असते, तिथे भरून मोकळा हो. खरी भीती आज दोन टक्के आणि उद्या चार देणाऱ्या स्कोपची. आणि वरचा ग्रुप ओळंब्याच्या रेघेपासून बाजूला गेला असेल तर एक तर स्कोप तिरका बसलाय नाहीतर तू रायफल तिरकी धरतोयस, तेही याच पुठ्ठ्यावर कळतं. दहा मिल वरून परत शून्यावर येऊन आणखी तीन गोळ्या झाड, त्या पहिल्या तिनांत मिसळल्या पाहिजेत.

.३३८ चा फॅक्टरीचा एक राउंड पाच-सात डॉलरला पडतो हे मला माहितीय, त्यामुळे गोळ्या न झाडताही अर्धी तपासणी करता येते, रायफल शिकंजात घट्ट आवळ, पुठ्ठ्यावर इंचांच्या खुणा कर, आणि स्कोपमधून बघत टरेट फिरव, रेटिकल, म्हणजे स्कोपमधल्या नेमाच्या रेघा, खुणांवरून कसं चालतं ते दिसतं. हे दुकानाची परत घ्यायची मुदत संपायच्या आत कर. पण धक्क्यानंतर काय होतं ते झाडल्याशिवाय कळत नाही.

आता झूम, ज्याच्यावर तू भाळलायस. १० पॉवरनं हजार यार्डावरची वस्तू नुसत्या डोळ्यांना १०० यार्डावर दिसेल तेवढी दिसते. १०० यार्डावरची ताटाएवढी पाटी तुला दिसत नाही का? अमेरिकी आर्मीच्या एम२४ रायफलवर वर्षानुवर्षं १० पॉवरचा फिक्स स्कोपच होता, झूमच नाही. आणि आपल्या स्वप्नील कुसळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधे ५० मीटरला ब्राँझ घेतलं तेव्हा घरच्या ग्रुपवर काकांनी विचारलं होतं की याच्या रायफलवर दुर्बीण का दिसत नाही, तर त्या खेळात स्कोपला परवानगीच नाही, बारीक भोकाच्या साइटनं साडेदहा मिलिमीटरसुद्धा नसलेल्या दहाच्या वर्तुळावर मारायचं असतं. तो खेळ वेगळा, अंतर वेगळं मान्य, पण नीट दिसणं आणि मोठं दिसणं या दोन गोष्टी एक नाहीत.

३२ पॉवर तुला वापरता कधी येईल? जूनमधे सकाळी नऊनंतर जमिनीवरून मृगजळ उठायला लागतं, २० च्या वर झूम नेलास की पाटी पाण्याखाली ठेवल्यासारखी हलते, आणि जितका झूम जास्त तितकं ते हलणंही मोठं होऊन दिसतं. मॅचमधले चांगले शूटर बघशील तर ५-२५ चा स्कोप बारा ते अठरामधे ठेवून मारतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. .३३८ मधून सुटलेली गोळी हजार यार्डाला पोचायला साधारण दीड सेकंद घेते. धक्क्यातून सावरून परत पाटीवर नजर आणायला तेवढा वेळ पुरतो, पण स्कोपमधून दिसणारा भाग रुंद असेल तरच. ३२ पॉवरवर धक्क्यानंतर तुला दिसणार कुठलं तरी झुडूप, आणि गोळी कुठे पडली ते शेजाऱ्याला विचारावं लागणार. एकट्यानं शूटिंग करणाऱ्याला स्वतःची माती उडालेली स्वतःला दिसणं यापेक्षा मोठी मदत नाही, पुढची गोळी दुरुस्त करायची ती त्याच्यावरूनच.

जास्त झूमचा उपयोग कोणाला, तर एफ-क्लास नावाच्या स्पर्धेत मारणाऱ्यांना. ते ठरलेल्या हजार यार्डावर, कागदाच्या टार्गेटवर, जिथे एक्सचं, म्हणजे सगळ्यात आतलं, वर्तुळ पाच इंचांचं आणि दहाचं दहा इंचांचं, तिथे बायपॉड (दोन पायांचा टेकू) आणि वाळूच्या पिशवीवर मारतात, नाइटफोर्सचा १५-५५ वगैरे लावतात आणि मृगजळाकडे बघूनच वारा वाचतात. त्यांच्याकडे अंतर बदलत नाही म्हणून सेकंड फोकल प्लेनचं बारीक रेटिकल त्यांना चालतं. तुला नाही चालणार. तुझा झूम दिवसभर उन्हाप्रमाणे वर-खाली होणार, आणि सेकंड फोकल प्लेनमधे रेटिकलवरच्या खुणा एकाच पॉवरला, बहुतेक सगळ्यात वरच्या, खऱ्या असतात. १६ वर ठेवून दोन मिल वारा धरलास आणि स्कोप ३२ ला खरा असेल तर तू प्रत्यक्षात चार मिल धरलेत, हजार यार्डाला दोन यार्डांची चूक. फर्स्ट फोकल प्लेनच घे, त्यात खुणा झूमबरोबर लहान-मोठ्या होतात आणि प्रत्येक पॉवरला खऱ्या राहतात, विषय संपला.

मिल का एमओए यावर लोक तासन् तास भांडतात, मला त्यात काही रस नाही. टरेट आणि रेटिकल एकाच मापाचं पाहिजे एवढं नक्की, मिलचं रेटिकल आणि एमओएचा टरेट असले जुने स्कोप अजून स्वस्तात मिळतात, ते नको. मी मिल सांगेन कारण गोळी कुठे लागली ते सांगणारा शेजारचा स्पॉटर मिलमधेच बोलणार. ०.१ मिलचा एक क्लिक हजार यार्डाला ३.६ इंच सरकतो, तुला पुरेसा बारीक आहे. रेटिकल खाली झाडासारखं पसरलेलं असेल तर वारा आणि उंची दोन्ही न फिरवता धरता येतं, पण एवढ्या खुणा नकोत की पाटीच झाकली जाईल, दुकानात मोकळ्या भिंतीवर न बघता बाहेर गवताकडे, झाडीकडे रोखून बघ. झिरो स्टॉप, म्हणजे परत येताना टरेटला शून्यावर अडवणारी खीळ, हवीच. वीस मिलपर्यंत फिरवणार म्हणजे टरेटचे दोन पूर्ण फेरे, परत येताना एक फेरा विसरलास तर पुढची गोळी दहा मिल वर, १०० यार्डाला तीन फूट, म्हणजे टार्गेटच्या डोक्यावरून थेट मागच्या बांधाकडे, आणि काही रेंजवर बांधाच्याही वरून. ही फक्त सोयीची गोष्ट नाही, सेफ्टीची आहे. वाऱ्याचा टरेट लॉक होणारा असेल तर उत्तम, केसमधून काढताना आपोआप फिरलेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

आय रिलीफबद्दल तू काही विचारलं नाहीस पण तुझ्या रायफलवर ते विचारायला हवं होतं. डोळा आणि मागची काच यात साडेतीन-चार इंच अंतर पाहिजे, आणि तेही सगळ्यात वरच्या पॉवरला, कारण झूम वाढवला की अंतर आणि डोळ्याची जागा दोन्ही आखडतात. भुवईवर अर्धचंद्राचा व्रण असलेले शूटर प्रत्येक क्लबात एक-दोन तरी असतातच. स्कोप पुढे-मागे करून जागा ठरवशील ती झोपून, ज्या पोझिशनमधे मारणार त्याच पोझिशनमधे ठरव, उभं राहून ठरवलेली जागा झोपल्यावर इंचभर जवळ येते. डोळे मिटून गाल स्टॉकवर टेकव, मग उघड, चित्र कडेपर्यंत पूर्ण दिसलं पाहिजे, काळी सावली कुठल्याच बाजूला नको. ५६ ची पुढची काच म्हणजे स्कोप वर बसतो, गाल टेकत नसेल तर चीक पीस (स्टॉकवरचा गाल टेकवायचा भाग) उंच कर, मान ताणून बघायची सवय लावून घेऊ नकोस, पॅरालॅक्सची, म्हणजे डोळा हलला की रेटिकल पाटीवरून सरकलेलं दिसण्याची, अर्धी चूक तिथून येते. उरलेली अर्धी बाजूच्या नॉबनं काढायची, पण त्यावरच्या आकड्यांवर जाऊ नकोस. रायफल स्थिर ठेवून डोकं हळूच हलव, रेटिकल पाटीवरून सरकत असेल तर नॉब थोडा फिरव, सरकायचं थांबलं की झालं.

माउंटसाठी दीड हजारातले दोनशे-अडीचशे आधीच वेगळे काढ. लोक दोन हजारांचा स्कोप चाळीस डॉलरच्या रिंगमधे आवळतात. व्होर्टेक्सच्या रेझरसारखा स्कोप सव्वा किलोच्याही वर जातो, .३३८ च्या धक्क्याला तो जागीच राहू बघतो आणि रायफल खालून मागे निघून जाते, म्हणजे रायफलच्या हिशेबानं स्कोप पुढे सरकतो. म्हणून माउंट रेलवर ठेवल्यावर तो आधी बॅरलच्या तोंडाच्या दिशेनं पुढे ढकलायचा, खालचा आडवा दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकला पाहिजे, आणि मग आवळायचं. रिंगचे वरचे स्क्रू टॉर्क ड्रायव्हरनं, कंपनीनं सांगितलेल्या आकड्याला, बऱ्याच कंपन्या १५ ते १८ इंच-पाउंड सांगतात, काही २५ पर्यंत जातात. हाताच्या अंदाजानं आवळून ट्यूब चेपलेले स्कोप मी बघितलेत, चेपलेल्या ट्यूबमधे इरेक्टर अडकतो आणि मग ट्रॅकिंग गेलं. चिन्हासाठी ट्यूबवर आणि रिंगवर मार्करनं एक बारीक रेघ मार, सरकला तर लगेच दिसेल. स्कोप सरळ बसवायलाही तोच ओळंबा, लांब भिंतीवर सोड आणि उभी रेघ त्याला मिळव. आणि स्कोपवर बबल लेव्हल लाव, वीस-तीस डॉलरचं काम आहे, तीन अंश रायफल कलली तर हजार यार्डाला पंधरा इंच बाजूला, आणि डोंगरउतारावर तीन अंश कललेलं माणसाला कळत सुद्धा नाही.

काचेबद्दल लोक सगळ्यात जास्त बोलतात कारण दुकानात तेवढंच दिसतं. काच चांगली असावी, सावलीतली करडी पाटी शोधताना आणि मृगजळ वाचताना फरक पडतो, पण एका टप्प्यानंतर दुप्पट पैसे देऊन एक दशांश सुधारणा मिळते. जाड ट्यूबमधून जास्त उजेड येतो हे खोटं, ३४ मिलिमीटर ट्यूब घ्यायची ती ट्रॅव्हलसाठी. उजेडाचा हिशेब पुढची काच भागिले पॉवर, ५६ भागिले २५ म्हणजे सव्वादोन मिलिमीटरचा झोत, संध्याकाळी अंधुक वाटलं तर १० वर आण, साडेपाच मिलिमीटर होतो, आपोआप उजळतं. रेटिकलमधला दिवा आला तर आला, त्यासाठी पैसे मोजू नकोस.

नावं विचारली होतीस. पैसे हा प्रश्नच नसता तर मी एटीएसीआर ५-२५ सांगून गप्प बसलो असतो, श्मिट अँड बेंडर किंवा कालेस किंवा झीरो कॉम्प्रोमाइज यांच्याबद्दलही तक्रार नाही, पण ते तुझ्या बजेटच्या दुपटीच्या आणि त्याही पुढे. मार्क ५ एचडी हलका, ३० औंसच, पण त्याला ३५ मिलिमीटरच्या रिंग लागतात, त्या सगळीकडे मिळत नाहीत हे आधी बघून घे. तुझ्या पैशात मी सेकंडहँड रेझर एचडी जेन टू ४.५-२७×५६ शोधेन. जेन थ्री आल्यापासून बरेच जण जेन टू विकायला काढतात, वजन धोंड्यासारखं, पण तुझी रायफल काही डोंगरात खांद्यावरून न्यायची नाही, उलट वजनानं धक्का कमीच होईल. टरेट खणखणीत, झिरो स्टॉप आणि लॉक दोन्ही आहेत, आणि कंपनीची आजीवन वॉरंटी दुसऱ्या मालकालाही लागू असते हा सेकंडहँड घेणाऱ्याला मोठा दिलासा. फक्त रिंगच्या खुणा खोल नाहीत ना, ट्यूब चेपलेली नाही ना ते फोटो मागवून बघ. नवाच हवा असेल तर ॲथलॉनचा एरीस ईटीआर ४.५-३०×५६ बघ, ३४ ची ट्यूब आहे, पैसे माउंटसह बजेटमधे बसतात. आर्केनचा ईपी५ पाच-सहाशेला येतो, किमतीच्या मानानं टरेट बरा, काच मध्यम, कमी धक्क्याच्या .३०८ वर मी बिनधास्त लावला असता, .३३८ वर ओळंब्याच्या टेस्टनंतर आणि पन्नासेक राउंड झाल्यावर परत तीच टेस्ट करून मगच विश्वास ठेवेन. आणि अगदीच पैसे वाचवायचे असतील तर एसडब्ल्यूएफएचा १० पॉवरचा फिक्स, दिसायला साधा, झूम नाही, झिरो स्टॉप नाही, पण टरेट प्रामाणिक म्हणून त्याचं नाव आहे आणि ट्रॅव्हलही भरपूर. तो लावून वर्षभर शिकलास आणि उरलेले पैसे काडतुसांत घातलेस तर रेटनच्या व्हिटिंग्टन सेंटरला ११२३ यार्डावर जो पांढरा लोखंडी बायसन उभा केलाय तो तुला १० पॉवरनं पण व्यवस्थित दिसेल, खऱ्या बायसनएवढाच आहे.

खाली तू सहज म्हणून विचारलंयस की दिवाळीत पुण्याला जाताना मावसभावासाठी एक स्कोप बॅगेत टाकून नेऊ का. नको. रायफलचा स्कोप अमेरिकेबाहेर नेणं हे एक्स्पोर्ट कंट्रोलमधे येतं, कॅमेऱ्याच्या लेन्ससारखा तो कपड्यांत गुंडाळून नेता येत नाही. आधी लायसन्स लागतं का ते अधिकृत ठिकाणी विचार आणि तिकडच्या कस्टमचंही विचार, भेट म्हणून दुसरं काहीतरी ने.

आणि त्या ८-३२ ची पावती अजून झाली नसेल तर त्याच्या डब्यावर एलेव्हेशन ट्रॅव्हल किती लिहिलंय ते मला कळव. रेलच्या माथ्यापासून बॅरलपर्यंत, पुढची काच जिथे येईल तिथे, किती उंची आहे तेही मिलिमीटरमधे मोज, त्यावरून रिंग किती उंच लागेल ते सांगतो, नाहीतर ५६ ची काच बॅरलला टेकेल आणि माउंट परत बदलावा लागेल.